स्वीकाराचं कारण

देवचंद बिऱ्हाडेला दिल्लीहून पैसे मंजूर झाल्याचं पत्र आलं, तेव्हा जळगावच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. साल १९८६. तोवर संशोधनाच्या नावाखाली सरकारकडून कॉलेजला काय मिळालं होतं, तर एक लोखंडी कपाट, आणि त्याचीही किल्ली आली नव्हती. अशा ठिकाणी स्थापत्य विभागातल्या तिशीच्या एका व्याख्यात्याला तीन वर्षांचा प्रकल्प मिळाला. विभागप्रमुख चुडामण चौधरी सरांनी ते पत्र तीनदा वाचलं, चौथ्यांदा मोठ्याने वाचलं आणि देवचंदच्या खर्चाने पेढे मागवले.

प्रकल्प सांगायला सोपा होता. आपल्या भागात केळीचा घड कापला की उरलेला खांब बांधावर नाहीतर नाल्यात फेकतात. तिथे तो महिनोन्महिने कुजत पडतो. गावोगावच्या हगणदारीबद्दल वेगळं सांगायला नको. देवचंदचं म्हणणं असं, की केळीचे खांब आणि सार्वजनिक संडासातली घाण एका बंद टाकीत घाला. वर गॅस मिळेल, खाली खत. गॅस नळाने घराघरात न्या, खत पुन्हा केळीला घाला. कॉलेजातले टिंगलखोर याला ‘बिऱ्हाडेंचं टाकाऊतून टिकाऊ’ म्हणायचे. पण त्याने दोन पिंपांवर ते करून दाखवलं होतं, आणि ज्योत चांगली निळी, बिनवासाची होती.

दिल्लीच्या खात्याची अट एकच होती. या गॅसवर स्वयंपाक करायला राजी असलेली निदान बारा घरं एका गावात हवीत, त्यांच्या सह्या हव्यात, आणि त्या ऑगस्टअखेर हव्यात. नाहीतर मंजुरी रद्द.

देवचंदने आपलंच गाव धरलं. चोपडा तालुक्यातलं आंबखेडे. गावाचं भलं व्हावं हे तर त्याच्या मनात होतंच, पण खोटं कशाला बोला, कॉलेजची जीप घेऊन त्या गावात शिरावं हेही होतं. बौद्ध वस्तीतून निघून इंजिनिअर झालेला तो पहिला. पहिल्या माणसाला एवढी हौस असतेच.

सरपंच धनसिंग पाटलांनी त्याला ओसरीवर खुर्ची दिली, चहा दिला, आणि कप घरातलाच दिला. देवचंदने कपाकडे पाहिलं, आणि आपण कपाकडे पाहिलं याचाच त्याला राग आला. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “सर, इचार चांगला शे. पन आमना घरन्या बाया त्या गॅसवर भाकरी टाकाव नहीत. आम्ही सांगीसन बी टाकाव नहीत.”

“नाना, ज्योतीत काही राहत नाही. मी तपासून पाहिलंय.”

“ते तुमले माहीत. चुल्हाले काय माहीत?” पाटील हसले. माणूस वाईट नव्हता. “जागा मी देस. तुमनी वस्तीना मांगे गावठाननी जागा पडेल शे. तठे करा. तुमना लोके तुमले नही म्हनाव नहीत.”

ऑगस्टचे अकरा दिवस उरले होते. देवचंदने आणखी दोन गावं पाहिली, तिथेही चहाच मिळाला. शेवटी घोडं जिथे अडलं होतं तिथेच आलं, आणि तो वस्तीत गेला.

देवचंदची आई तो पाळण्यात असतानाच गेली होती. त्याला वाढवलं ते पार्वताबाईने, म्हणजे त्याच्या थोरल्या काकांच्या बायकोने. तो तिला मोठी माय म्हणायचा. काका, म्हणजे आधारआबा, वारून पाच-सहा वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा यादव वरणगावच्या फॅक्टरीत कामाला होता आणि तिकडेच राहत होता. पार्वताबाई मात्र आंबखेडे सोडायला तयार नव्हती.

या बाईची एक गोष्ट देवचंदने लहानपणी शंभरदा ऐकली होती. दुसऱ्यांच्या घरात पोरांना राजाराणीच्या गोष्टी सांगतात, याला ही सांगितली गेली. वस्तीच्या तोंडाशी निंबाच्या झाडावर पूर्वी एक दोर टांगलेला असे. गावात कुणाचं ढोर मेलं की हाक यायची, आणि वस्तीतल्या माणसांनी तो दोर घेऊन ढोर ओढायला जायचं. त्यात हो-नाहीचा प्रश्नच नसे. धम्म घेतला त्याच्या पुढच्या वर्षी, सत्तावन्न साली, आधारआबा आणि आणखी सहा जणांनी तो दोर काढला, तापीवर नेला, दगड बांधून डोहात सोडून दिला. गावाने मग सहा महिने चक्की बंद केली, दुकान बंद केलं. पार्वताबाई तेव्हा ऐन तिशीत होती. तिने सहा महिने ज्वारी उकडून खाल्ली आणि उकडलेल्या ज्वारीचे गुण पुढे तीस वर्षं गायले.

तर अशा बाईपुढे देवचंद बसला आणि प्रकल्प समजावू लागला. घरचं बोलणं तो अहिराणीतच बोलायचा, पण प्रकल्पाचं बोलू लागला की आपसूक शहरी मराठीत जायचा. पार्वताबाईने सगळं ऐकलं. मग एकच विचारलं.

“पाटीलना आळीमा कितला घर हा म्हननात?”

“एकही नाही.”

ती बराच वेळ बोलली नाही. पुढ्यातले दाणे निवडत राहिली. देवचंदला वाटलं, हिला विज्ञान कळलं नाही. म्हणून त्याने पुन्हा ज्योतीचं सांगायला सुरुवात केली. तिने हात वर करून त्याला थांबवलं.

“आणि आम्ही बी नही म्हनं, ते तुनं काय व्हई?”

“पैसे परत जातील. पुन्हा मला कुणी देणार नाही.”

“मंग काय इचारस? तू म्हनस ना? करूत.”

पहिला अंगठा तिचा. तिने केला म्हणून बाकी तेरा घरांनी केला. चौदा घरं झाली, अटीपेक्षा दोन जास्त. देवचंद त्या कागदाची घडी खिशात घालून चोपड्याहून जळगावच्या एस.टी.त बसला, तेव्हा त्याला इतका आनंद झाला होता की ती दाणे निवडता निवडता गप्प का झाली, हा प्रश्न त्याला धरणगाव येईपर्यंतही पडला नाही.

टाकी बांधली, घुमट चढवला, बायकांसाठी आणि पुरुषांसाठी संडास झाले. सत्याऐंशीच्या जूनमध्ये पार्वताबाईच्या घरात शेगडी पेटली. आणि हे कबूल केलं पाहिजे, की वस्तीतल्या बायका खूश झाल्या. पहाटे अंधारात नाल्याकडे जाणं संपलं. धूर संपला. म्हाताऱ्या डोळे पुसायच्या ते पुसेनाशा झाल्या. टाकीतून निघालेली मळी केळीला घातली तर घड डोळ्यांत भरतील असे आले, आणि ती मळी न्यायला पाटलांचीच बैलगाडी सगळ्यांच्या पुढे. खताला विटाळ नसतो, तो भाकरीलाच असतो.

रोज टाकीत केळीचे तुकडे घालायचे, मळी ढवळायची, निचऱ्याचा हौद उपसायचा, यासाठी प्रकल्पात मदतनिसाची पगारी जागा होती. देवचंदने गावात दवंडी देववली. कुणी आलं नाही. पार्वताबाई आली. साठीच्या घरातली बाई, लांब दांड्याचं फावडं घेऊन हौदात उतरायची. देवचंदला ते पाहवत नसे, म्हणून तो त्या वेळी दाबमापीकडे पाहायचा आणि आकडे वहीत उतरवायचा.

तो दर शनिवारी यायचा. दुपारी बारा वाजता पार्वताबाई दारातून हाक मारायची, “जेवाले चाल भाऊ. गरम भाकर शे.”

“डबा शे ना, मोठी माय. वाया जाई.”

डबा खरंच असायचा. बायको लिलाबाई जळगावच्या मेहरूणमधल्या घरी भल्या सकाळी भरून द्यायची. बाहेरच्या खाण्याने याचं पोट बिघडतं, अशी तिची समजूत होती, आणि ती समजूत तिला करून कुणी दिली होती तर देवचंदनेच. तो निंबाखाली बसायचा, डबा उघडायचा, जेवायचा, हात धुवायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. पहिल्या शनिवारी हाक आली, दुसऱ्या शनिवारी आली, पावसाळाभर आली. मग एका शनिवारी ती आली नाही. देवचंदच्या ते लक्षातही आलं नाही. उलट जेवणाचा अर्धा तास वाचला, असं त्याला वाटलं.

एकोणनव्वदच्या जानेवारीत दिल्लीहून तिघे जण पाहणीला आले. टाकी पाहिली, वह्या पाहिल्या, चौदा घरांतल्या चौदा शेगड्या पेटवून पाहिल्या. पार्वताबाईने नवं पातळ नेसून त्याच गॅसवर चहा ठेवला होता आणि शेजारणींकडून कप गोळा करून मांडले होते. पाहुण्यांतल्या एकाने तिचा शेगडीजवळचा फोटो काढला. चहाची वेळ आली तेव्हा मात्र ते घड्याळ पाहू लागले. जेवण पाटलांकडे होतं, तिथे उशीर होत होता. देवचंद त्यांच्याबरोबर गेला. त्याला जाणं भागच होतं, असं त्याने पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगितलं. तो चहा मग वस्तीतल्या बायकांनी गार झाल्यावर पिऊन टाकला.

पाहणी उत्तम झाली. सगळं आता अंतिम अहवालावर होतं. अहवाल पसंत पडला तर पुढचा टप्पा होता, जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत मिळून तीस गावं. चौधरी सरांनी मसुदा वाचला आणि नवव्या रकान्यावर बोट ठेवलं. रकाना होता, ‘स्वीकाराचे कारण’. तो कोराच होता.

“बिऱ्हाडे, गावात दोनशेवर घरं. चौदांनीच हो म्हटलं, बाकीच्यांनी नाही. का? हे दिल्ली विचारणार. कारण लिहा. कारणाशिवाय तिथे पान हलत नाही.”

“काय लिहू सर?”

“ते तुम्हाला ठाऊक. तुमचं गाव आहे.”

देवचंदने त्या दुपारी ते लिहिलं. अहवाल इंग्रजीत होता, आणि इंग्रजीत ते वाक्य सहज उतरलं. मराठीत त्याच्याने ते लिहवलं नसतं. अहिराणीत तर तोंडातून निघालं नसतं. पण इंग्रजी ही वस्तीत कुणाला येत नव्हती, आणि माणूस जिथे आपलं कुणी ऐकत नसतं तिथे काय वाटेल ते बोलतो. त्या वाक्याचा अर्थ असा होता: या समाजाला अशा स्वरूपाच्या कामाची परंपरेने सवय असल्यामुळे येथे विरोध झाला नाही, आणि अशाच इतर वस्त्यांमध्येही स्वीकार सुलभ होईल. टंकलेखकाने कागद काढून दिला, तेव्हा देवचंदने त्यात एक स्वल्पविराम तेवढा दुरुस्त केला.

छापील अहवाल आला सप्टेंबरात. चकचकीत कागद, आणि मधल्या पानावर पार्वताबाईचा शेगडीजवळचा फोटो. देवचंद मोठ्या अभिमानाने एक प्रत घेऊन आंबखेड्याला गेला. पार्वताबाईने फोटोवर हात फिरवला. आपलं पातळ छपाईत बरं दिसतंय, असं म्हणाली. मग तिने खालच्या ओळींवर बोट ठेवलं.

“मना फोटोखाले काय लिखेल शे?”

तिचं बोट नेमकं नवव्या रकान्यावर होतं. तो फोटोच्या खालीच छापला होता.

देवचंदने पाहिलं. घसा साफ केला. “लिखेल शे,” तो म्हणाला, “या बाईनी मोठी हिंमत करी. इन्हामुळे हाई काम उभं राहिनं.”

पार्वताबाई हसली. तोंडावर पदर घेऊन हसली. “काहीबी लिखस तू,” म्हणाली, आणि पुस्तक तिने बुद्धाच्या तसबिरीखाली फळीवर ठेवलं. तसं एक तरी वाक्य त्या अहवालात कुठे असायला हवं होतं. पण ते नव्हतं, आणि देवचंदला ते जीपमध्ये बसल्यावर आठवलं.

दिवाळीच्या सुट्टीत यादव वरणगावहून घरी आला. फॅक्टरीत इंग्रजी कागद हाताळणारा माणूस. आईने कौतुकाने पुस्तक पुढे केलं, तर त्याने वाचलं. आठ दिवसांनी देवचंदला कॉलेजच्या पत्त्यावर यादवचं आंतरदेशीय पत्र आलं. त्यात मायना नव्हता. “माय म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. मग म्हणाली, याचा अर्थ नीट सांग. मी सांगितला. तुम्ही तिला काय वाचून दाखवलं होतं तेही तिने मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने गॅसचा मोठा कॉक बंद केला आणि चूल पेटवली. चौदाही घरांत आता चुली आहेत. तुम्हाला कळवावं म्हणून कळवतो.”

देवचंद दुसऱ्याच दिवशी गेला. पार्वताबाई अंगणात चुलीपुढे बसली होती, धुराने डोळे लाल. तिने त्याला बसायला पाट दिला. ती भांडली नाही, हेच अवघड झालं. भांडली असती तर त्यालाही काही बोलता आलं असतं.

“आबानी दोर कोठे टाका व्हता, याद शे?”

“तापीमा,” देवचंद म्हणाला.

“तो दोर तू पानीमाईन काढी लई उना.”

ती चुलीत काटकी सारून पुढे म्हणाली, “आम्हले कसानी सवय, भाऊ? घाणमा मी उतरनू ते सवयवरी नही. तुना पैसा परत जातीन म्हनीसन उतरनू. तू मना आंडोर शे म्हनीसन हा म्हनं. तेच लिखनं व्हतं ना तठे. आंडोरसाठे मायनी हा म्हनं. दिल्लीवाल्यास्ले मायबाप नहीत का?”

मुलासाठी आईने हो म्हटलं. एवढं खरं कारण जगात दुसरं नव्हतं, आणि ते त्या रकान्यात मावण्याइतकं लहानही होतं. देवचंदला ते सुचलंच नव्हतं. अडीच वर्षं तो दर शनिवारी त्या कारणासमोर निंबाखाली बसून डबा खात होता.

“तेवढं वाक्य काढी टाक,” पार्वताबाई म्हणाली. “दिल्लीले लिख, हाई चुकनं. मंग मी कॉक उघडस.”

“बघतो,” देवचंद म्हणाला.

‘बघतो’ हा शब्द सरकारी कचेरीत जन्मला आणि तिथेच मरायला हवा होता. देवचंदने तो आपल्या मायसमोर वापरला. कारण त्याच्या खिशात त्या दिवशी दिल्लीचं दुसरं पत्र होतं. तीस गावांना तत्त्वतः मंजुरी. आणि त्या मंजुरीचा आधार म्हणून त्यांनी उचललं होतं नेमकं ते वाक्य: ‘अशाच इतर वस्त्यांमध्ये’. ते मागे घ्यावं, तर तीस गावं गेली. शिवाय आंबखेड्याचा कॉक बंद आहे हे कळलं, तरी गेली. त्याने मनाशी हिशेब केला, की मार्चअखेर पैसे सुटू द्यावेत, मग एप्रिलमध्ये पत्र लिहावं. एप्रिलमध्ये लिहिलं तरी वाक्य तेच राहणार आहे, माफी तीच राहणार आहे, चार महिन्यांनी काय बिघडतं?

एकतीस मार्चला पैसे सुटले. एप्रिलमध्ये परीक्षा होत्या. मेमध्ये निविदा निघाल्या. जूनमध्ये तो पत्र लिहायला बसला आणि सुरुवात कशी करावी ते त्याला कळेना. चांगलं काम उद्यावर टाकू नये म्हणतात. वाईट काम मात्र त्याने त्याच दुपारी उरकलं होतं.

पुढच्या दोन वर्षांत टाक्या बांधून झाल्या. तीस गावं, तीस वस्त्या, आणि एकही टाकी वस्ती सोडून दुसरीकडे नाही. जागा ठरवताना कुणालाही फार डोकं चालवावं लागलं नाही. अहवालातच लिहिलेलं होतं. देवचंद आता प्रपाठक झाला होता. ब्याण्णवच्या हिवाळ्यात तो शिरपूरच्या पलीकडे, धुळे जिल्ह्यातली एक टाकी पाहायला गेला. टाकी कोरडी होती. घुमटावर कुणीतरी शेवग्याच्या शेंगा वाळत घातल्या होत्या, आणि संडासांच्या खोल्यांत कडबा भरून ठेवला होता. वस्तीतला भटू नावाचा एक म्हातारा त्याच्याबरोबर चालत होता. देवचंदने विचारलं, “का वापरत नाहीत?”

म्हाताऱ्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. “साहेब, तुमी आमनाच ना?”

“हो.”

“मंग तुमले ठाऊक व्हवाले पाहिजे,” भटू म्हणाला. “गावमा चार आळ्या शेत. साहेबलोके उनात, कोनले इचारं नही, बठ्ठा आळ्या सोडीसन सरळ आमना दारसे थांबनात. इचारता ते आम्ही हा बी म्हनतूत कदाचित.”

देवचंद जळगावला परतला आणि त्या आठवड्यात त्याने पत्र लिहिलं. तीन वर्षं जी सुरुवात सापडत नव्हती ती आता पहिल्याच ओळीत सापडली. नवव्या रकान्यातलं वाक्य खोटं आहे, त्याने लिहिलं; ते मी लिहिलं. त्या वस्तीने सवयीमुळे स्वीकार केला नाही. तिथल्या एका बाईने मला मुलगा म्हणून वाढवलं होतं आणि तिने माझ्यासाठी होकार दिला. बाकीच्यांनी तिच्यासाठी दिला. हे कारण दुसऱ्या कोणत्याही वस्तीला लागू पडत नाही. अहवालात ही दुरुस्ती करावी.

चौधरी सर निवृत्तीला आले होते. प्रत वाचून ते म्हणाले, “बिऱ्हाडे, आता याने काय होणार?” काही होणार नाही हे देवचंदलाही दिसत होतं, तरी त्याने पत्र टपालात टाकलं.

दिल्लीचं उत्तर त्र्याण्णवच्या मार्चमध्ये आलं. दोन ओळी होत्या. सदर प्रकल्पाची फाईल बंद झालेली आहे. छापील अहवालात दुरुस्तीची तरतूद नाही.

ते उत्तर आणि आपल्या पत्राची प्रत घेऊन देवचंद आंबखेड्याला गेला. जीप नेली नाही, एस.टी.ने गेला, आणि डबा नेला नाही. लिलाबाई दारापर्यंत डबा घेऊन आली होती, तिला त्याने हाताने नको म्हटलं. वाटेत त्याने ठरवलं होतं, की आज मोठ्या मायला सांगायचं, कॉक उघड, शेगडी पेटव, आणि त्या गॅसवरची भाकरी मला वाढ. टाकीत आता काही नसेल, हे इंजिनिअर असूनही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

पार्वताबाई खूप थकली होती. तिला दिसायचं कमी झालं होतं. चूल पुन्हा पेटली तेव्हापासून तिचे डोळे उतरतच गेले होते. अहवाल अजून फळीवरच होता, तसबिरीखाली नव्हे, पलीकडच्या कोपऱ्यात, पाठ वर करून ठेवलेला. देवचंदने तिला आपलं पत्र वाचून दाखवलं. या वेळी एकेक शब्द खरा सांगितला, अहिराणीत सांगितला. मग दिल्लीचं उत्तरही सांगितलं.

“ते काढाव नहीत?”

“नही.”

“पन तू लिखं.”

“लिखं. उशिरे लिखं, मोठी माय. मना हातखाले आनखी तीस जागे तोच दोर टांगाई गया.”

तिने बराच वेळ काही म्हटलं नाही. पूर्वी दाणे निवडता निवडता गप्प झाली होती, तशीच. मग भिंतीला धरून उठली. “सकायना निंघेल व्हशी. भुक्या शे,” म्हणाली.

तो गॅसचं बोलणार होता. पण ती चुलीकडे वळलीही होती. चाचपत पीठ घेतलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली, आणि धुरात डोळे मिटून नुसत्या हाताच्या अंदाजाने उलटली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. ताट तिने त्याच्यापुढे सरकवलं. देवचंदचा हात ताटापर्यंत जाऊन जरासा थांबला. धुराने पाणावलेले तिचे डोळे पाहून थांबला. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, हात थांबलेला तेवढा कळला.

ती जवळ वाकली आणि हळूच, समजूत घालावी तसं म्हणाली, “खाय भाऊ. हाई चुल्हावरनी शे.”

देवचंदला तेव्हा कळलं, की पहिल्या शनिवारपासून तिला डब्याचं कारण ठाऊक होतं, त्या गॅसवरची भाकरी नको हे. त्याने स्वतःशीही जे कधी कबूल केलं नव्हतं ते तिला ठाऊक होतं, आणि तरीही ती फावडं घेऊन हौदात उतरत राहिली होती. नाही, तसं नव्हतं, असं सांगायला त्याने तोंड उघडलं. पण त्या बाईशी आणखी एक खोटं बोलण्याची त्याच्यात ताकद नव्हती. त्याने भाकरी मोडली आणि खाली मान घालून खाऊ लागला. ती समोर बसून त्याच्या खाण्याचा आवाज ऐकत राहिली, आणि संपत आली तशी तिने चाचपत दुसरी वाढली.